सिनेटची पेटंट समिती: एक सिनेटर, एक आग आणि मुदतवाढीची रांग

अमेरिकेचं पेटंट नंबर १ कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं तर बहुतेक लोक एडिसन किंवा बेल म्हणतात. खरं नाव आहे जॉन रगल्स. हा माणूस मेन राज्याचा सिनेटर होता, पेशानं वकील आणि हौसेनं शोधक. त्याचं पेटंट होतं रेल्वे इंजिनाच्या चाकाचं, म्हणजे चढावर किंवा बर्फ-चिखलात रुळावरून चाक घसरू नये म्हणून त्याला दाते बसवायची युक्ती. तारीख १३ जुलै १८३६. आणि ज्या कायद्यानं पेटंटला नंबर द्यायची पद्धत सुरू झाली तो कायदा सही होऊन आला होता ४ जुलै १८३६ ला, म्हणजे फक्त नऊ दिवस आधी, आणि तो कायदा ज्या समितीनं तयार केला तिचा अध्यक्ष कोण? तर हेच रगल्स साहेब.

आता यात काही काळंबेरं होतं का हा प्रश्न कुणालाही पडेल, त्यावर पुढे येतोच. पण मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते वेगळ्या कारणानं. या समितीची पुढची शंभरेक वर्षं बघितली की एक गोष्ट सारखी दिसत राहते, ती म्हणजे समितीचं काम चांगलं झालं की वाईट हे आत बसलेल्या लोकांपेक्षा त्या दिवशी समोर कोण कोण येऊन बसलं होतं यावर ठरत गेलंय. पेटंटवाल्याला समितीकडे जायला कायमच कारण असतं, पेटंटची रॉयल्टी भरणाऱ्याला आपण जायला हवं हे बऱ्याचदा फार उशिरा कळतं.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेतच काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला, सिनेट हे तिचं एक सभागृह) अधिकार आहे की लेखक आणि शोधकांना ठरावीक मुदतीसाठी हक्क द्यावेत. १७९० ला पहिला कायदा झाला आणि अर्ज तपासायला कोण बसवले तर परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री आणि अ‍ॅटर्नी जनरल! परराष्ट्रमंत्री होते थॉमस जेफरसन. तीन बिझी माणसं देशाचा कारभार बघता बघता पोटॅशच्या, म्हणजे राखेतल्या क्षाराच्या, अर्जांवर डोकं लावतायत (३१ जुलै १७९० चं पहिलं पेटंट पोटॅश बनवायच्या पद्धतीचंच होतं, सॅम्युएल हॉपकिन्सचं), हे फार दिवस चालणं शक्यच नव्हतं. म्हणून १७९३ ला उलट्या टोकाला गेले, तपासणीच काढून टाकली. अर्ज करा, फी भरा, पेटंट घेऊन जा. ते खरंच नवीन आहे का हे बघायचं काम कोर्टाचं, तेही भांडण झालं तर.

मग जे व्हायचं तेच झालं. १८३६ पर्यंत जवळजवळ दहा हजार पेटंटं वाटून झाली होती, त्यांना नंबरही नव्हते, नाव आणि तारीख यावरूनच शोधायची. डिसेंबर १८३५ च्या शेवटी रगल्सनं सिनेटमध्ये ठराव मांडला की पेटंट ऑफिसची अवस्था बघायला एक खास समिती नेमा, आणि अध्यक्ष तोच झाला. एप्रिल १८३६ मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्यातला एक भाग वाचताना आजही हसू येतं. लोक पेटंट ऑफिसच्या, अर्जांसोबत आलेली मशीनची मॉडेलं ठेवलेल्या खोलीत जायचे, दुसऱ्याच्या मशीनची नक्कल करून घ्यायचे, एखादा फालतू बदल करायचे आणि शेजारच्याच खोलीत जाऊन त्यावर स्वतःचं पेटंट मागायचे. ते मिळायचंही, कारण नाही म्हणायचा अधिकार कुणालाच नव्हता! मग सरकारी कागद हातात घेऊन असे लोक गावोगाव फिरून हक्क विकायचे आणि खरा शोधक कोर्टात खेटे घालत बसायचा.

रगल्सच्या बिलानं हे बदललं. परत तपासणी आली, त्यासाठी पगारी तपासनीस आले, ऑफिसला स्वतंत्र कमिशनर मिळाला (पहिला हेन्री एल्सवर्थ), पेटंटला नंबर आले, आणि अर्ज नाकारला तर दाद मागायची सोय झाली. फीचा तक्ता बघण्यासारखा आहे. अमेरिकन माणसाला ३० डॉलर, इतर देशांच्या माणसाला ३००, आणि ब्रिटिश प्रजेला ५००. इंग्रजांवरचा राग किती ताजा होता ते या आकड्यात दिसतं. १८१४ ला ब्रिटिश सैन्यानं वॉशिंग्टन जाळलं तेव्हा पेटंट ऑफिस तेवढं वाचलं होतं, ऑफिसचे प्रमुख विल्यम थॉर्नटन यांनी मधे पडून ते वाचवलं होतं.

आणि इंग्रजांनी सोडलं ते २२ वर्षांनी घरच्याच राखेनं खाल्लं. १५ डिसेंबर १८३६ च्या पहाटे ऑफिसच्या इमारतीला आग लागली. ब्लॉजेट्स हॉटेल नावाची इमारत, तिच्यात पोस्टही आणि पेटंट ऑफिसही. तळघरात शेगडीची गरम राख ठेवली होती आणि जवळच सरपण. शेजारी आगीचा बंब होता, पण त्याचा चामड्याचा पाइप सडलेला. सात हजारांच्या आसपास मॉडेलं आणि तोपर्यंतच्या सगळ्या पेटंटांचे कागद, आकृत्या, सगळं गेलं. नवीन इमारत, आग न लागणारी, तिला काँग्रेसनं मंजुरी दिली होती तीही ४ जुलै १८३६ लाच, आणि तिचं काम सुरू होतं! (ती इमारत आजही वॉशिंग्टनमध्ये उभी आहे, आता तिच्यात कलासंग्रहालय आहे.)

मार्च १८३७ मध्ये काँग्रेसनं कायदा करून लोकांना सांगितलं की तुमच्याकडे मूळ प्रत असेल तर पाठवा, आम्ही नक्कल करून रेकॉर्ड परत उभं करू. त्यासाठी एक लाख डॉलर मंजूर केले. एवढं करून परत मिळाली ती २,८४५ पेटंटं. बाकीची सातेक हजार आता फक्त यादीत. काही तर आजही कुणाच्या तरी जुन्या ट्रंकेतनं किंवा ग्रंथालयातल्या कागदांतनं मधूनच सापडतात.

या सगळ्या गोंधळानंतर सिनेटला वाटलं की हे काम खास समितीवर भागणार नाही, म्हणून ७ सप्टेंबर १८३७ ला कायमची समिती झाली, नाव 'पेटंट आणि पेटंट ऑफिस समिती' (१८६९ ला ते आखूड करून नुसतं पेटंट समिती केलं). काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्येही त्याच महिन्यात तशीच समिती बसली. सिनेटच्या समितीचा पहिला अध्यक्ष रगल्स.

आणि मग १८३८. रगल्सवर वर्तमानपत्रातनं आरोप झाला की त्यानं एका शोधकाच्या पेटंटसाठी आपलं वजन वापरलं आणि बदल्यात त्या पेटंटमध्ये वाटा घेतला. सिनेटनं चौकशी केली, एप्रिल १८३८ मध्ये त्याला दोषमुक्त केलं. पण विचार करा, प्रश्न असा होता की पेटंट ऑफिसची फाइल ज्या समितीकडे, तिचाच अध्यक्ष पेटंटांचा धंदा करू शकतो का? सिनेटनं माणसापुरतं उत्तर दिलं आणि तिथेच थांबले. मला स्वतःला रगल्स भामटा वाटत नाही. त्याला विषय कळत होता कारण तो स्वतः त्या चक्कीतनं गेला होता, आणि विषय कळणारा माणूस त्या काळी बहुतेक वेळा वकील तरी नाहीतर हितसंबंधवाला तरी. नंबर १ चं पेटंट घेणं मात्र जरा मोहच झाला म्हणायचं, नंबर ७ किंवा ८ घेतलं असतं तर कुणी नावही काढलं नसतं.

आता समितीचं रोजचं काम. लोकांना वाटतं कायदे करणं. मोठे कायदे असे किती होणार, १८३६ नंतर १८६१, मग १८७० चा एकत्रित कायदा, बस. मधल्या काळात समितीच्या टेबलावर जे येत होतं त्यात खाजगी अर्जांचा मोठा भरणा होता, आणि त्यात मुदतवाढ. १८३६ च्या कायद्यात पेटंट १४ वर्षांचं, आणि तिघा अधिकाऱ्यांच्या मंडळाला पटलं तर अजून ७ वर्षं. ती ७ पण संपत आली किंवा मंडळानं नाही म्हटलं तर? तर काँग्रेसकडे जायचं, काँग्रेस एका माणसापुरता कायदा करू शकते. म्हणजे रेशन दुकानात कोटा संपला की थेट मंत्र्याच्या बंगल्यावर जायची सोय.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण वुडवर्थच्या रंधा मशीनचं. विल्यम वुडवर्थनं डिसेंबर १८२८ ला लाकडी फळ्या रंधून गुळगुळीत करायच्या, त्यांच्या कडांना खाच पाडायच्या मशीनचं पेटंट घेतलं. देशभर घरं बांधली जात होती, जमिनीला फळ्या लागायच्याच, हातानं रंधा मारत बसण्यापेक्षा मशीन कितीतरी स्वस्त. म्हणजे हे पेटंट ज्याच्या हातात तो जवळजवळ प्रत्येक नव्या घरावर पट्टी वसूल करू शकत होता. १८४२ ला मुदत संपली, मंडळानं ७ वर्षं वाढवली, म्हणजे १८४९ पर्यंत. आणि मग ती वाढ संपायला चार वर्षं बाकी असतानाच, फेब्रुवारी १८४५ च्या अखेरीस, अधिवेशन संपायला काही दिवस उरले असताना काँग्रेसनं अजून ७ वर्षं दिली. वुडवर्थ तेव्हा हयातही नव्हता, हक्क मुलाच्या आणि ज्यांनी ते विकत घेतले होते त्यांच्या हातात. २८ वर्षं झाली की हो ही!

१८४५ ला विरोध करायला फारसं कुणी नव्हतं, कारण कळलंच नव्हतं. सुताराला किंवा लाकडाच्या वखारीवाल्याला वॉशिंग्टनमध्ये काय शिजतंय ते कसं कळणार. पण १८५० नंतर पेटंटवाले परत तिसऱ्या वाढीसाठी आले तेव्हा मात्र सगळे जागे झाले होते, ठिकठिकाणाहून विरोधाचे अर्ज येऊन पडायला लागले, बिल दरवेळी अडकलं, आणि १८५६ ला पेटंट एकदाचं संपलं. समिती त्याच संस्थेची, कायदा तोच, मशीन तेच. दुसरी बाजू आली आणि निकाल फिरला.

त्याच सुमाराला सॅम्युएल कोल्ट. हो, रिव्हॉल्व्हरवाला. त्याचं पेटंट फेब्रुवारी १८३६ चं, म्हणजे रगल्सच्या कायद्याच्या जेमतेम चारेक महिने आधीचं, नंबर नसलेल्यांच्या यादीतलं. पेटंट ऑफिसकडून १८५७ पर्यंत वाढ मिळालेली, आणि १८५४ मध्ये तो काँग्रेसकडे अजून ७ वर्षं मागत होता. त्याच्या माणसांनी जेवणावळी घातल्या, शॅम्पेन वाहिली, आणि नक्षीदार पिस्तुलं भेट म्हणून वाटली, अगदी एका सदस्याच्या शाळकरी मुलापर्यंत. बोभाटा झाला, हाउसनं चौकशी समिती बसवली आणि हे सगळं साक्षीत बाहेर आलं. मुदतवाढ मिळाली नाही. १८६१ ला मग पेटंटची मुदत सरळ १७ वर्षं केली आणि नव्या पेटंटांना ऑफिसकडून मिळणारी वाढ बंद केली. हा मला त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, आणि तो कुठल्या तत्त्वापेक्षा वैतागातनं आला असावा असा माझा अंदाज.

१८७०-८० च्या दशकात शेतकरी आले. पश्चिमेकडच्या राज्यांत हजारो शेतकऱ्यांनी जमिनीत पाइप ठोकून साध्या विहिरी केल्या होत्या, आणि अचानक एजंट दारात येऊन म्हणायला लागले की या पद्धतीचं पेटंट आहे, रॉयल्टी काढा नाहीतर कोर्टात चला. ज्यानं बाजारातनं विश्वासानं वस्तू घेतली त्याला संरक्षण द्या, अशी बिलं काँग्रेसमध्ये परत परत आली. कायदा काही झाला नाही. विहिरीचं पेटंट सुप्रीम कोर्टानं १८८७ मध्ये वैध ठरवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी रद्द केलं, तोपर्यंत किती जणांनी निमूट पैसे भरले असतील कोण जाणे.

मला या समितीच्या इतिहासात सगळ्यात आवडलेला भाग १९०६ चा. कॉपीराइटही याच समितीकडे असायचं, आणि नवीन कायदा करायचा म्हणून सिनेट आणि हाउसच्या पेटंट समित्या एकत्र सुनावणीला बसल्या. जूनमध्ये जॉन फिलिप सूसा आला, बँडच्या मार्चेस लिहिणारा प्रसिद्ध संगीतकार, आणि ग्रामोफोनवर तुटून पडला. म्हणाला, माकडाचा माणूस होताना जशी शेपूट गेली तसे आता माणसाचे स्वरतंतू जातील, कारण गाणार कोण! डिसेंबरमध्ये मार्क ट्वेन आला, ऐन थंडीत पांढराशुभ्र सूट घालून, आणि लेखकाच्या मरणानंतर ५० वर्षं हक्क असावा म्हणून बोलला, मुलींच्या पोटापाण्याचा मुद्दा मांडून.

पण खरी लढाई पियानो रोलवर होती. तेव्हा आपोआप वाजणारे पियानो आले होते, भोकं पाडलेला कागदाचा रोल लावला की वाजणार. संगीतकार म्हणत होते या रोलवर आम्हाला पैसे मिळायला हवेत, आणि बरोबरच होतं ते. तेवढ्यात सुनावणीत दुसऱ्या रोलवाल्यांनी येऊन सांगितलं की एओलियन नावाच्या मोठ्या कंपनीनं बऱ्याच संगीत प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवलेत, हा हक्क कायद्यात आला रे आला की रोलचे हक्क फक्त त्यांनाच. म्हणजे संगीतकारांच्या नावानं जो कायदा होणार त्याचा मलिदा एकाच कंपनीला. समितीनं मग मधला रस्ता काढला: हक्क संगीतकाराचा, पण त्यानं एकदा कुणाला रोल किंवा रेकॉर्ड करू दिलं की बाकी कुणीही करू शकेल, दर प्रतीमागे २ सेंट देऊन. १९०९ च्या कायद्यात हे आलं. ते २ सेंट १९७० च्या दशकाअखेरपर्यंत तसेच राहिले, महागाई किती का वाढेना, ती वेगळीच गंमत. पण बघा, संगीतकार, मोठी कंपनी, छोट्या कंपन्या, सगळे त्या खोलीत होते म्हणून हे सुचलं. नुसता सूसा आला असता तर एओलियनची चांदी होती.

यानंतरची वर्षं समिती तशी शांत. १९३० ला झाडांच्या नव्या जातींना पेटंट द्यायचा कायदा आला, १९३५ मध्ये हाउसच्या समितीनं पेटंट एकत्र करून बाजार धरून ठेवण्यावर सुनावण्या घेतल्या, हाती फार लागलं नाही.

मग १९४२, युद्ध. सिनेट समितीचा अध्यक्ष होता वॉशिंग्टन राज्याचा होमर बोन. त्यानं समितीचा रोखच बदलला, पेटंटवाल्यांची फिर्याद ऐकायच्या ऐवजी पेटंटवाल्यांनाच पिंजऱ्यात उभं केलं. न्याय खात्याच्या लोकांनी कपाटं उघडून कागद आणले. एक उदाहरण टंगस्टन कार्बाइडचं, लोखंड-पोलाद कापायच्या हत्यारांना हा लागतो, म्हणजे तोफा-रणगाडे बनवायचे तर हवाच. जनरल इलेक्ट्रिक आणि जर्मनीच्या क्रुप कंपनीनं १९२८ मध्ये पेटंट वाटून घ्यायचा करार केला आणि त्यानंतर अमेरिकेत भाव पाउंडाला ५० डॉलरच्या आसपास होता तो ४५३ वर गेला. कृत्रिम रबरात अमेरिकेची तेल कंपनी स्टँडर्ड ऑइल आणि जर्मनीची रसायन कंपनी आय. जी. फार्बेन यांचे करार. बोन आणि त्याच्या जोडीदारांचं बिल होतं, त्यात सक्तीच्या लायसन्सची, म्हणजे पेटंटवाल्याची इच्छा नसली तरी दुसऱ्याला पेटंट वापरू द्यायची, तरतूद होती. पास झालं नाही. उद्योगवाल्यांचा विरोध होता आणि युद्ध चालू असताना त्याच कारखान्यांकडून माल हवा होता, त्यांना दुखवणार कोण. बोन १९४४ ला फेडरल कोर्टात न्यायाधीश म्हणून गेला.

दोन वर्षांनी समितीच बंद झाली. १९४६ च्या पुनर्रचना कायद्यानं सिनेटच्या ३३ समित्यांच्या १५ केल्या, हाउसच्या ४८ च्या १९, आणि पेटंटचा विषय न्यायविषयक समितीला जोडून टाकला, जानेवारी १९४७ पासून. बोनच्या सुनावण्यांमुळे बंद केली असं म्हणायचा मोह होतो पण तसं नाही, झाडून सगळ्याच छोट्या समित्या गेल्या. १९५२ चा पेटंट कायदा मग हाउसच्या न्यायविषयक समितीच्या उपसमितीत तयार झाला. सिनेटच्या न्यायविषयक समितीनंही १९५५ नंतर पेटंटसाठी वेगळी उपसमिती केली, तिनं अभ्यासकांकडून निबंध लिहून घेतले. त्यातला १९५८ चा अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ मॅकलपचा निबंध अजून वाचला जातो. त्याचा निष्कर्ष साधारण असा की पेटंट पद्धत आज नसती तर ती सुरू करा म्हणून सांगणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं, पण इतकी वर्षं आहे तर रद्द करा म्हणणंही तितकंच बेजबाबदार.

त्याच न्यायविषयक समितीच्या दुसऱ्या एका उपसमितीचं, मक्तेदारीवरच्या, एक वाक्य आपल्याकडे येऊन पोचलं. सिनेटर केफॉव्हर १९५९ पासून औषधांच्या किमतींवर सुनावण्या घेत होते, आणि त्यांच्या अहवालात आलं की औषधांच्या बाबतीत भारत जगातल्या सगळ्यात महागड्या देशांपैकी एक आहे. आपल्याकडे तेव्हा १९११ चा ब्रिटिशांचा कायदा होता आणि न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी सप्टेंबर १९५९ च्या अहवालात दाखवून दिलं होतं की भारतातली ऐंशी ते नव्वद टक्के पेटंटं परदेशी लोकांची आहेत आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त इथे वापरातच आणलेली नाहीत. १९६५ चं पेटंट बिल संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं, अहवाल आला आणि लोकसभा विसर्जित झाली म्हणून बिल बुडालं. १९६७ ला परत बिल, परत संयुक्त समिती, फेब्रुवारी १९७० ला अहवाल, आणि मग १९७० चा कायदा: त्यात औषधाला पेटंट नव्हतं (२००५ ला हे बदललं), फक्त ते बनवायच्या पद्धतीला होतं, तेही फार तर सात वर्षं. दोन्ही समित्या त्या त्या बिलापुरत्या होत्या, काम झालं की संपल्या. पेटंटसाठी कायमची वेगळी समिती आपल्या संसदेत नाही, हा विषय वाणिज्य खात्याच्या स्थायी समितीकडे जातो, जुलै २०२१ चा बौद्धिक संपदेवरचा अहवाल तिचाच.